१३७ दिवस शून्य, मग १६ दिवसांत दहा रुपये

२०२५ च्या जूनमधे इराण-इस्रायलचं पेटलं तेव्हा परभणीहून मामाचा फोन आला. मामाचे तीन ट्रक आहेत, सरकी, कापसाच्या गाठी, सीझनला सोयाबीन असलं काय काय भरतो, आणि मी कधीकाळी स्टॅटिस्टिक्समधे एमएससी केलंय एवढ्या एका गुन्ह्यापायी घरात तेलाच्या भावाचं भविष्य सांगायचं खातं माझ्याकडे आहे. "काय भाच्या, डिझेल वाढतंय का?" मी म्हटलं मामा, माहीत नाही. मामा म्हणाला, "मग शिकला काय एवढं?"

प्रश्न बरोबरच होता. पुढच्या बारा दिवसांत झालं काय, तर १२ जूनला ब्रेंट, म्हणजे ज्याच्या भावावर जगभरच्या कच्च्या तेलाचा भाव मोजतात ते तेल, बॅरलला ७० डॉलरच्या जरासं खाली होतं, मग चढत चढत एका क्षणी ८० च्या वर जाऊन आलं, युद्धबंदीची बातमी आली आणि २४ जूनला ६७ वर. म्हणजे सुरुवात केली त्याच्याही खाली. ह्या बारा दिवसांत टीव्हीवर १०० आणि १२० चे आकडे सांगणारे एक्स्पर्ट येऊन गेले. आणि परभणीच्या पंपावर? एक पैसा हलला नाही. ना वर ना खाली. मामा खूश, की बघ काही झालं नाही. मला मात्र तेव्हापासून तेच खुपतंय, की जगातली सगळ्यात अस्वस्थ वस्तू आमच्या पंपावर इतकी शांत कशी? हा धक्का गेला कुठे? फोनवर ते सांगायला जमलं नाही म्हणून इथे लिहितोय, लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी तेलाच्या भावाचा स्वभाव काय ते बघू, कारण आपल्याकडे सगळी चर्चा "भाव किती होणार" ह्यावर चालते आणि नेमका तोच प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर कुणाकडे नाही. मी हे नम्रपणाने वगैरे म्हणत नाहीये. तेलाच्या किमतींवर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे काम झालंय त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही आहे की "उद्याचा भाव म्हणजे आजचाच भाव" असं म्हणणारा आळशी माणूस बहुतेक मोठमोठ्या मॉडेलांच्या बरोबरीला येतो. दारुड्याच्या चालीसारखा प्रकार आहे, तो आत्ता कुठे उभा आहे ते सांगता येतं, पुढचं पाऊल कुठे पडेल ते नाही.

पण, आणि इथे खरी गंमत आहे, तो किती लांब भरकटू शकतो ते मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. कच्च्या तेलाचा भाव दिवसाला साधारण दोन-सव्वादोन टक्के इकडेतिकडे होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाचा हिशोब लावला की ते पस्तीस टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे आज ८० डॉलर असेल तर वर्षभराने तो ४० ते १६० च्या मधे कुठेतरी असेल असं सांगणारा माणूस प्रामाणिक, आणि ८७ असेल असं सांगणारा माणूस टीव्हीवर. चाळीस ते एकशेसाठ! ह्याला अंदाज म्हणायचं का? मामा तर हसेलच. पण तेलाबद्दल जे खरं माहीत आहे ते एवढंच आहे आणि ह्या रुंदीतच सगळी माहिती आहे.

एक आकडा सांगणाऱ्यांचं काय होतं त्याचे किस्से खूप आहेत. १९९९ च्या मार्चमधे, भाव १० डॉलरच्या आसपास लोळत असताना, लंडनच्या एका अत्यंत मानाच्या साप्ताहिकाने आता पाच डॉलरही होऊ शकतील असं छापलं. वर्ष संपता संपता भाव २५ च्या घरात. २००८ च्या मे महिन्यात वॉल स्ट्रीटवरच्या एका मोठ्या बँकेने १५० ते २०० डॉलर सांगितले, ११ जुलैला १४७ पर्यंत गेलाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि डिसेंबरला भाव ४० च्या खाली. आपलं घरचं उदाहरण घ्यायचं तर ३१ जानेवारी २०२२ ला संसदेत मांडलेला आर्थिक पाहणी अहवाल बघा, त्यात पुढच्या वर्षीच्या विकासदराचा अंदाज तेल ७० ते ७५ डॉलर राहील हे गृहीत धरून दिला होता. २४ फेब्रुवारीला रशिया युक्रेनमधे घुसला, ७ मार्चला ब्रेंट १३९ ला शिवून आलं आणि त्या आर्थिक वर्षात भारताने घेतलेल्या तेलाची सरासरी ९३ च्या वर गेली. अहवाल लिहिणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये, पुतिनच्या डोक्यात काय होतं ते त्यांना कोण सांगणार. माझं म्हणणं एवढंच की एका आकड्यावर बजेट बांधणं हीच मुळात पद्धत चुकीची.

आता दुसरा भाग, जो जास्त डेंजर आहे. कॉलेजात आपण घंटेच्या आकाराचा आलेख शिकतो, नॉर्मल वितरण. माणसांच्या उंच्या त्यात बसतात. तेलाचे भाव बसत नाहीत. १७ जानेवारी १९९१ ला आखाती युद्धाचा हवाई हल्ला सुरू झाला, सगळ्यांना वाटलं आता भाव भडकणार, आणि एका दिवसात भाव एक तृतीयांश पडला. ९ मार्च २०२० ला, उत्पादन कमी करण्यावरून रशिया आणि सौदीचं फिस्कटल्यावर, एका दिवसात जवळपास पाव भाव गेला. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदीच्या अबकैकवर ड्रोन-क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला, रोजचे ५७ लाख बॅरल बंद पडले, आणि सोमवारी बाजार उघडल्यावर भाव त्या दिवसात पंधरा टक्क्यांच्या आसपास वर. घंटेच्या आलेखाला विचाराल तर मार्च २०२० सारखा एक दिवस यायला विश्वाच्या वयाच्या अब्जावधी पट वाट बघावी लागेल. आणि आपल्या आयुष्यात असे कितीतरी येऊन गेले. ह्याला जाड शेपूट म्हणतात, म्हणजे आलेखाची टोकं जिथे बारीक होत होत नाहीशी व्हायला हवीत तिथे ती गलेलठ्ठ असतात.

शिवाय हे धक्के एकेकटे येत नाहीत, टोळीने येतात. शांत दिवसांना शांत दिवस चिकटलेले आणि वादळी दिवसांना वादळी. २०१३ च्या सुरुवातीपासून २०१४ च्या मध्यापर्यंत ब्रेंट जवळजवळ सगळा वेळ १०० ते १२० मधे रेंगाळत होतं, लोक म्हणायला लागले होते की आता हीच नवी पातळी, तेल सुधारलं. मग नोव्हेंबर २०१४ ला ओपेकने, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेने, उत्पादन कमी करायला नकार दिला आणि २०१६ च्या जानेवारीत तेच तेल ३० च्या खाली. शांतता ही पुढच्या शांततेची खात्री नसते, फार तर पुढच्या आठवड्याची असते. हे मँडेलब्रोट नावाच्या गणितज्ञाने १९६३ मधेच दाखवलं होतं, आणि तेही तेलाच्या नाही तर कापसाच्या भावात, परभणीकरांनी लक्षात घ्या. पुढे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट एंगलने १९८२ ला ह्या टोळीने येण्याचं गणित बसवलं आणि २००३ मधे त्याचं नोबेल घेतलं.

असं का होतं हे समजायला अर्थशास्त्र नको, लासलगावला एक चक्कर पुरे. कांदा महाग झाला म्हणून आपण खाणं लगेच अर्ध्यावर आणत नाही आणि पीक यायला चार महिने लागतात, त्यामुळे आवक थोडी कमी झाली तरी भाव तिप्पट. तेलाचं तेच, फक्त जगाच्या मापाने. रोज साधारण दहा कोटी बॅरल लागतात, भाव वाढला म्हणून उद्या सकाळी कुणी ऑफिसला चालत जात नाही, आणि नवी विहीर उद्या सकाळी निघत नाही. म्हणून एक-दोन टक्क्यांची तफावतसुद्धा भाव तीस-चाळीस टक्के हलवू शकते. मधे गादी फक्त साठ्याची. साठा संपत आला की भाव वर उडतो, आणि साठवायला जागाच उरली नाही की काय होतं ते आपण २० एप्रिल २०२० ला बघितलं.

त्या दिवसावर जरा थांबतो, कारण तो मुंबईशी बांधलेला आहे. लॉकडाऊनमुळे जगात तेल कुणाला नको होतं, अमेरिकेत ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्या भरत आलेल्या, आणि अमेरिकन तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याची, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या सौद्याची, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ज्यांच्याकडे सौदा होता त्यांना प्रत्यक्ष तेल ताब्यात घ्यावं लागलं असतं, ठेवायला जागा नाही, तेव्हा "पैसे देतो पण हे घेऊन जा" अशी अवस्था. त्या दिवशीचा अधिकृत भाव उणे ३७ डॉलर ६३ सेंट. आता मुंबईच्या एमसीएक्स ह्या वायदेबाजारात त्याच तेलाचा एप्रिलचा सौदा त्याच दिवशी संपत होता, पण लॉकडाऊनमुळे बाजार संध्याकाळी पाचला बंद. शेवटचा भाव बॅरलला ९६५ रुपयांच्या आसपास. लोक जेवून झोपले. अमेरिकेत सेटलमेंट झालं तेव्हा इथे मध्यरात्र होती, आणि आपला सौदा तिकडच्या भावानेच मिटवायचा असा नियम, त्यामुळे हिशोब लागला उणे २,८८४ रुपयांनी. एका लॉटमधे १०० बॅरल. ज्याने पाच वाजता ९६५ ला घेऊन ठेवलं होतं त्याला वाटत होतं की जास्तीत जास्त ९६ हजार जातील, गेले पावणेचार लाखांच्या वर, तेही बाजार बंद असताना, काहीही करता न येता. काही ब्रोकर मुंबई हायकोर्टात गेले.

त्या दिवसाची दुसरी गंमत फक्त स्टॅटिस्टिक्सवाल्यांना कळेल पण सांगतो. किमतींच्या चढउतारांचं बहुतेक गणित लॉगरिदमवर चालतं, आणि उणे आकड्याचा लॉग निघत नाही. म्हणजे मॉडेल चुकलं असं नाही, मॉडेलला तो आकडा उच्चारताच येत नव्हता. शिकागोच्या एक्स्चेंजने ऑप्शनच्या, म्हणजे ठरल्या भावाने घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काच्या, गणितासाठी घाईघाईने बॅशेलिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत काढली, ती १९०० सालच्या एका प्रबंधातली! तिच्यात किंमत शून्याखाली जाऊ शकते हा दोष मानून सगळ्यांनी ती बाजूला ठेवली होती. म्हाताऱ्याचं ऐकायला हवं होतं.

असो. हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की आता पंपाकडे येऊ.

कागदावर आपल्याकडे पेट्रोल जून २०१० पासून आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ पासून सरकारी नियंत्रणातून मोकळं आहे. १६ जून २०१७ पासून तर देशभर रोज सकाळी भाव बदलायची पद्धत आली, त्याआधी पंधरवड्याला बदलायचे. रोज चार पैसे, सहा पैसे. मला ती पद्धत मनापासून आवडली होती, कारण बाजारात जे होतंय ते थेंबाथेंबाने पंपावर उतरत होतं, ग्राहकाला कळतही नव्हतं. मग २०१८ च्या एप्रिल-मे मधे कर्नाटकची निवडणूक आली आणि १९ दिवस भाव जागचा हलला नाही, मतदान झालं आणि दोन दिवसांनी पुन्हा चालू. योगायोग. ४ नोव्हेंबर २०२१ पासून उत्तर प्रदेश, पंजाब, गोवा वगैरेच्या निवडणुका होईपर्यंत १३७ दिवस स्थिर, ह्याच काळात युद्ध सुरू होऊन तेल शंभरीपार, आणि मग २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ ह्या १६ दिवसांत १४ वेळा वाढ, एकूण दहा रुपये. हाही योगायोग. त्यानंतर परत भाव गोठले ते २०२५ पर्यंत वर्षानुवर्षं, मधे मे २०२२ ची केंद्राची करकपात, जुलै २०२२ ची महाराष्ट्राची व्हॅटकपात आणि मार्च २०२४ ला, लोकसभेच्या तोंडावर, दोन रुपयांची सूट, बाकी सगळं शून्य शून्य शून्य.

आता हा पंपाचा भाव एका कागदावर मांडा आणि स्टॅटिस्टिक्सवाल्याला नाव न सांगता दाखवा. १३७ दिवस शून्य बदल, मग धडाधड ऐंशी ऐंशी पैशांच्या उड्या. तो म्हणेल ही भयंकर जाड शेपटीची मालिका आहे, ही वस्तू कच्च्या तेलापेक्षा वाईट आहे. आणि खरंच आहे ते! आपण समजतो की सरकारने हात घालून भाव शांत केला. हाताने गोठवलेला भाव रोजचे छोटे हेलकावे काढून टाकतो आणि ते सगळे गोळा करून एका ठिकाणी फेकतो. चढउतार नाहीसा होत नाही, त्याचा गोळा होतो. निसर्गाने दिलेली जाड शेपूट आपण आणखी खाऊपिऊ घालून जाड केली.

बरं गोळा होईपर्यंत तो असतो कुठे? कुठेतरी कुणाच्या तरी वहीत असतोच. २०१० च्या आधी तो ऑइल बाँडच्या वहीत होता, म्हणजे तेल कंपन्यांना रोख द्यायच्या ऐवजी सरकारने कागद दिले, साधारण १.३ लाख कोटींची थकबाकी २०१४ नंतरच्या सरकारच्या गळ्यात आली. २०१४ नंतर तो कराच्या वहीत गेला. तेल पडत असताना नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मधे नऊ वेळा एक्साइज, म्हणजे केंद्राचं उत्पादन शुल्क, वाढवली. परत मे २०२० मधे एका रात्रीत पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये. जे डिझेल २०१४ मधे लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे एक्साइज देत होतं ते ३१ रुपये ८३ पैसे द्यायला लागलं. केंद्राची पेट्रोल-डिझेलवरची एक्साइज २०१४-१५ मधे ९९ हजार कोटी होती ती २०२०-२१ मधे ३.७ लाख कोटींच्या पुढे. आणि २०२२ मधे तो गोळा सरकारी तेल कंपन्यांच्या वहीत होता, तिघींना मिळून सहा महिन्यांत २१ हजार कोटींचा तोटा, आणि पुढच्या २०२३-२४ ला, तेल उतरलं पण पंप उतरला नाही म्हणून, तिघींना मिळून ८० हजार कोटींच्या वर नफा. एप्रिल २०२५ ला तेल पडलं तेव्हा दोन रुपये एक्साइज वाढवली आणि पंपाचा भाव तोच ठेवला, म्हणजे मामाला मिळायचे ते दोन रुपये वाटेतच दिल्लीला उतरले.

बाँड काढणारे वेगळ्या पक्षाचे, कर लावणारे वेगळ्या, त्यामुळे कमेंटमधे आता दोन्हीकडून मारामारी होईल, पण मला दोघांत फरक दिसत नाही. दोघांनीही धक्का कुणी, कधी, किती खायचा हे बंद खोलीत ठरवलं. नऊ वेळा कर वाढवणं तर मला अर्धं पटतंसुद्धा. तेल स्वस्त असताना पंप फुकट स्वस्त होऊ देऊ नये, त्या पैशातून गादी तयार करावी, हे बरोबर आहे. पण मग महाग झाल्यावर कर त्याच हिशोबाने खाली यायला हवा ना? २०१७ च्या ऑक्टोबरला दोन रुपये, २०१८ च्या ऑक्टोबरला दीड रुपया, मग थेट नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ च्या कपाती, आणि त्या करूनही डिझेलची एक्साइज २०१४ च्या चौपटीहून जास्तच राहिली. रॅचेटचा पाना असतो तसं, एकाच बाजूला घट्ट होत जातं. १९९१ मधे रॉबर्ट बेकन नावाच्या अर्थतज्ज्ञाने ब्रिटनच्या पेट्रोलबद्दल लिहिलं होतं की भाव वर जाताना रॉकेट असतो आणि खाली येताना पीस. आमचं पीस तर हवेतच अडकलंय.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे, भाव सांगता येत नाही पण हलण्याची रुंदी सांगता येते, तर त्या रुंदीसाठी नियम आधीच लिहून ठेवा. समजा आपण घेतो त्या तेलाच्या मिश्रणाची तीन महिन्यांची सरासरी ७५ डॉलर हा पाया धरला. एका बॅरलमधे १५९ लिटर, डॉलर ८५ रुपये धरला तर १० डॉलरची वाढ म्हणजे लिटरमागे साधारण सव्वापाच रुपये. नियम असा की त्यातले अर्धे पंपावर उतरतील, तेही रोज थोडे थोडे, आणि अर्धे एक्साइजमधून आपोआप कमी होतील. भाव उतरला की उलट, अर्धे मामाला, अर्धे तिजोरीला. आकडे माझे आहेत, भांडायला मोकळे आहात, अर्ध्याच्या जागी एक तृतीयांश करा, पण ते राजपत्रात छापलेलं असावं आणि मतदानाच्या तारखेने बदलता येऊ नये. चिलीत २०१४ पासून कराचा एक भाग असाच वरखाली होतो. २०२२ मधे तिथल्या सरकारला ते चांगलंच महागात पडलं हेही खरं, ही काही जादूची कांडी नाही. पण महागात किती पडलं ते तिथे सगळ्यांना दिसत होतं.

हरकत येणार की मग सरकारच्या उत्पन्नाचं काय, रस्ते कशातून बांधायचे. योग्य हरकत आहे. पेट्रोल-डिझेल मिळून एक रुपया एक्साइज म्हणजे वर्षाला साधारण पंधरा-सोळा हजार कोटी, तेव्हा माझ्या नियमात १० डॉलरची वाढ वर्षभर टिकली तर केंद्राला चाळीस हजार कोटींच्या घरात फटका. मोठी रक्कम आहे. पण विचार करा धक्का खायची ताकद कुणाची जास्त. सरकारला सात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळतं आणि चांगल्या वर्षात तेच पैसे परत येतात. मामाला ट्रकवर फायनान्स कंपनी चौदा-पंधरा टक्के लावते आणि भाड्याचे पैसे साठ दिवसांनी येतात. लाट तीच, पण एकाकडे जहाज आहे आणि एकाकडे होडी, तर होडीवाल्याला सांगायचं की तू घे अंगावर?

दुसरी हरकत, रोज भाव हलला तर महागाई वाढेल, लोक ओरडतील. २०१७ मधे रोज हलत होता तेव्हा कोण ओरडत होतं? लोक सहा पैशाला ओरडत नाहीत, दहा रुपयाला ओरडतात. आणि रुपयाचं विसरू नका, तेल भडकलं की डॉलरची मागणी वाढते आणि बहुतेक वेळा नेमका तेव्हाच रुपयाही घसरतो, म्हणजे धक्का दुप्पट होऊन येतो, तो जितका उशिरा उतरवाल तितका मोठा.

तिसरा रस्ता विम्याचा. मेक्सिको वर्षानुवर्षं आपल्या तेलाच्या विक्रीसाठी ऑप्शन विकत घेतं, वर्षाला साधारण अब्ज डॉलर प्रीमियम जातो, बहुतेक वर्षी वाया जातो, आणि २०१५ सारख्या वर्षी सहा अब्जांच्या वर परत येतात. ते विकणारे, आपण घेणारे, पण तत्त्व तेच. आपल्याकडे हे होणं अवघड कारण सरकारी कंपनीतल्या अधिकाऱ्याने प्रीमियम भरला आणि भाव पडला तर पैसे वाया घालवले म्हणून ऑडिटचा पॅरा निघतो, आणि विमा न काढता हजारो कोटी बुडाले तर ती जागतिक परिस्थिती. कोण सही करेल? त्यातल्या त्यात एक काम आपण छान केलं ते एप्रिल-मे २०२० मधे, जग तेल टाकून देत होतं तेव्हा विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरच्या जमिनीखालच्या साठ्यांत सरासरी १९ डॉलरने तेल भरून घेतलं, पाच हजार कोटी वाचले. पण तिन्ही मिळून साठा ५३ लाख टन, म्हणजे देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज. गादी म्हणायला चादर आहे ती.

राज्याचंही थोडं. केंद्राची एक्साइज निदान लिटरमागे ठरलेली असते, महाराष्ट्राचा व्हॅट टक्क्यात, तोही एक्साइज आणि डीलरचं कमिशन धरून जी रक्कम होते तिच्यावर, वर पेट्रोलला लिटरमागे सेस वेगळा. टक्क्यातला कर म्हणजे हेलकाव्याला लावलेला ॲम्प्लिफायर, तेल वाढलं की राज्याचा करही आपोआप वाढतो, मंत्रालयात कुणाला बोटही उचलावं लागत नाही. आणि परभणीला तर मनमाडच्या डेपोतून तीनशेहून जास्त किलोमीटर टँकर येतो, त्याचं भाडं वर. २०१८ मधे राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून आमचं गाव टीव्हीवर आलं होतं, इतर कशासाठी येत नाही ते.

नियम असून तो न वापरला की काय होतं ते बघायचं तर एसटी बघा. एसटीच्या भाड्यासाठी सूत्र आहे, त्यात डिझेल, टायर, चासी, महागाई भत्ता सगळ्याचा हिशोब आहे. पण वाढ झाली ऑक्टोबर २०२१ ला १७.१७ टक्के आणि त्यानंतर थेट जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के. मधे सव्वातीन वर्षं शून्य. सूत्र दर वर्षी चाललं असतं तर चार-पाच टक्के, कुणाला कळलंही नसतं, तालुक्याला कॉलेजला जाणाऱ्या पोराच्या पासवर एकदम बोजा आला नसता. तोच गोळा, तीच शेपूट.

दिवाळीत परभणीला गेलो तेव्हा मामाने जिनिंगवाल्याबरोबरचा करारनामा दाखवला, दोन पानी, त्यात खाली एक कलम पेनाने वाढवलेलं, डिझेल दोन रुपयांनी वर गेलं की भाडं अमुक टक्के वर, दोन रुपयांनी खाली आलं की तितकंच खाली, महिन्याच्या एक तारखेचा पंपाचा भाव धरायचा. जिनिंगच्या हिशोबनीस काकांनी सुचवलेलं. दोघांनी सह्या केल्यात. मी म्हटलं मामा हे भारी आहे, मी हेच दोन हजार शब्दांत लिहितोय. मामा म्हणाला, "कलम आहे रे, पण डिझेल हलतंच कुठं? हलंल तव्हा एकदम हलंल." चौथ्या ट्रकचं कोटेशन टेबलावर पडलं होतं, तीन महिने झाले म्हणे, अजून सही केलेली नाही.